अस्तराची आच



ज्या सरांच्या स्मरणार्थ आपण दर वर्षी इथं सांगलीत जमतो, त्यांचे विद्यार्थी आज या सभागृहात बरेच असतील. मी त्यांची विद्यार्थिनी नव्हते. मी त्यांची कवळी करणारी डॉक्टर. आमची ओळख झाली ती त्यांनी सत्तरी ओलांडल्यावर. पहिल्याच भेटीत त्यांनी मला सांगितलं, "खालची कवळी हलते, म्हणून मी वाक्यं लहान केली आहेत." सगळं आयुष्य मराठी शिकवलेला माणूस बोलताना मध्येच थांबून जिभेनं कवळी दाबत होता आणि कवळी हलायच्या आत संपेल एवढंच वाक्य बोलत होता. त्या दिवसापासून सैल कवळी हा प्रश्न मी केवळ चावण्याचा मानत नाही.

संयोजकांनी मला 'दातांचं आरोग्य' असा विषय दिला होता. त्यांची परवानगी घेऊन मी तो फार अरुंद केला. सैल झालेल्या कवळीला आतून नवं अस्तर लावतात, आम्ही त्याला रिलाइन म्हणतो. ते अस्तर कधी कधी तोंडातच घट्ट होऊ देतात, आणि घट्ट होताना ते तापतं. त्या तापण्याबद्दल मी आज बोलणार आहे. तुमच्यापैकी अनेकांच्या तोंडात कवळी आहे, आणि ज्यांच्या नाही त्यांच्या घरात आई-वडिलांच्या तोंडात असेल. खुर्चीत बसल्यावर तोंडात काय होणार आहे हे ज्याचं तोंड आहे त्याला आधी माहीत असायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

आधी कवळी सैल का होते ते पाहू. दात काढला की त्याला धरून ठेवणारं हाड झिजू लागतं. पहिल्या वर्षात झीज सर्वांत जलद होते, पुढं मंदावते, पण थांबत नाही. अँटजे टॉलग्रेन या संशोधिकेनं पंचवीस वर्षांची निरीक्षणं १९७२ मध्ये प्रसिद्ध केली. त्यांत खालच्या जबड्याच्या पुढच्या भागाची झीज वरच्याच्या सुमारे चौपट भरली. मुळात खालच्या कवळीला टेकायला जागाही कमी. वरच्या कवळीला साधारण २३ चौरस सेंटिमीटर जागा मिळते, खालच्या कवळीला जेमतेम १२. कवळी होती तशीच राहते आणि तिच्या खालची जमीन खचत जाते. म्हणून आमच्याकडे येणारी तक्रार बहुतेक वेळा खालचीच असते: "डॉक्टर, खालची बसंना झालीया."

सातारा-सांगलीच्या खेड्यांत या कहाणीला आणखी एक पदर आहे, तो मिशरीचा. तव्यावर भाजून काळी केलेली तंबाखूची पूड बायका दात घासायला म्हणून लावू लागतात. मग सकाळचं एकदा दिवसातून चार-पाचदा होतं. हिरड्या खराब होतात, दात हलतात, पन्नाशीच्या आत बोळकं होतं. दात गेल्यावरही मिशरीचं बोट उघड्या हिरडीवरून फिरत राहतं. अशी हिरडी वर्षानुवर्षं तंबाखूनं चिडलेली असते. तिच्यावर आपण गरम होणारं काही ठेवणार असू, तर ती तरुण, निरोगी हिरडीसारखी वागेल ही अपेक्षा चुकीची आहे.

अस्तर लावायच्या दोन वाटा आहेत. पहिली लॅबची. कवळीच्या आतून हिरडीचं माप घ्यायचं, कवळी लॅबला पाठवायची, तिथं ती फ्लास्कमध्ये बंद करून गरम पाण्यात तासन्‌तास शिजवायची. सगळी उष्णता फ्लास्क सोसतो, पेशंटला फक्त गार झालेली कवळी मिळते. पण एक-दोन दिवस तोंड रिकामं राहतं आणि दोनदा यावं लागतं. दुसरी वाट खुर्चीतली. पावडर आणि लिक्विड कालवायचं, कवळीत आतून भरायचं, तोंडात बसवायचं, पेशंटला दात मिटून बसायला सांगायचं. काही मिनिटांत अस्तर तयार.

जतहून, आटपाडीहून, माणच्या पट्ट्यातून एसटीनं आलेल्या माणसाला यातली कोणती वाट आवडेल हे सांगायला नको. एका खेपेचा दिवस म्हणजे एका दिवसाची मजुरी, बरोबर येणाऱ्या मुलाचीही. घरात लग्न असेल तर बोळक्या तोंडानं मांडवात उभं राहायला कोणी तयार नसतं. "आजच्या आज करून द्या" ही मागणी मी कधीच हलकी मानलेली नाही. खुर्चीतल्या रिलाइनमुळे पुष्कळ लोक त्याच दिवशी संध्याकाळी भाकरी खाऊ शकले आहेत, हे मी पाहिलं आहे. म्हणूनच ते नीट करायला हवं.

माझ्या उमेदवारीच्या काळातली गोष्ट आहे. कुठल्या दवाखान्यातली ते महत्त्वाचं नाही, कारण चूक माझी होती. माणदेशातल्या एक आजी खालची कवळी घेऊन आल्या होत्या. पंचाहत्तरीच्या असाव्यात. हाड इतकं झिजलेलं की हिरडीच्या जागी फक्त एक पातळ धार उरली होती. कवळीच्या आत बोट घातलं तर पोकळी जाणवायची. उन्हाळ्याचे दिवस होते आणि मिश्रण वाटीतच घट्ट व्हायला लागलं होतं. ते जरा ओघळतं राहावं म्हणून मी थोडं लिक्विड वाढवलं. कवळी बसवली, त्यांना दात मिटायला सांगितले आणि घड्याळ पाहत उभी राहिले. आजींनी एकदा पदर मुठीत धरला. मला वाटलं, वासानं मळमळत असेल. त्या लिक्विडला उग्र वास असतोच. मी म्हणाले, "झालं, आजी, थोडंच राहिलं." कवळी काढली तेव्हा ती माझ्या हाताला गरम लागली. हिरडीच्या धारेवर पांढरट पट्टा उठला होता.

त्या पट्ट्यानं मला जे शिकवलं ते आता सांगते.

लिक्विडमध्ये मुख्यतः मिथाइल मेथाक्रिलेट असतं. त्याचे सुटे रेणू एकामागोमाग जोडले जाऊन लांब साखळ्या होतात आणि पातळ द्रवाचं टणक ॲक्रिलिक बनतं. प्रत्येक जोडणीला थोडी उष्णता सुटते. चुनकळीवर पाणी ओतलं की खालून जाळ नसताना ती खदखदू लागते, हे ज्यांनी घर बांधताना पाहिलं आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. या द्रवाचा एक ग्रॅम पूर्ण जोडला गेला तर साधारण ५७० जूल उष्णता सुटते. पाच ग्रॅम द्रवातून सुटणारी उष्णता एका कटिंग चहाएवढं पाणी दहा अंशांनी तापवू शकते. इथं ती उष्णता कवळी आणि हिरडी यांच्यामधल्या चिंचोळ्या फटीत सुटते.

आणि ती एकसारखी सुटत नाही, हे फार महत्त्वाचं आहे. पहिली दोन-तीन मिनिटं मिश्रण गार लागतं आणि पेशंटही निर्धास्त असतो. मग ते घट्ट होत जातं. साखळ्यांना हालचालीला जागा उरत नाही, दोन वाढत्या साखळ्या एकमेकींना भेटून थांबण्याचं प्रमाण घटतं. सुटे रेणू मात्र लहान असल्यामुळे साखळ्यांच्या टोकांना येऊन मिळतच राहतात. परिणामी क्रिया मंदावण्याऐवजी एकदम उसळी घेते. रसायनशास्त्रात याला ट्रॉम्सडॉर्फ परिणाम म्हणतात. तोंडाच्या बाजूनं पाहिलं तर अर्थ एवढाच की पहिली तीन मिनिटं काही झालं नाही, यावरून चौथ्या मिनिटाचा काही भरवसा देता येत नाही. आजींनी पदर मुठीत धरला तो त्याच मिनिटाला.

आता पावडरकडे वळू. तिचं काम समजावताना मी नेहमी पाटण तालुक्यातलं कोयना धरण डोळ्यांपुढं आणते. १०३ मीटर उंचीची ती भिंत रबल काँक्रीटची आहे, म्हणजे काँक्रीटमध्ये मोठाले दगड बसवत बांधलेली. सिमेंटही घट्ट होताना तापतं आणि धरणाच्या जाड पोटातून ती उष्णता लवकर बाहेर पडत नाही. पुढं भिंत निवताना तडे जायची भीती असते. अमेरिकेत १९३०च्या दशकात हूव्हर धरण बांधताना यासाठी काँक्रीटमध्ये पोलादी नळ्या पुरून गार पाणी खेळवलं होतं. कोयनेच्या भिंतीत जिथं दगड आहे तिथं सिमेंट नाही, आणि दगडाला तापायचं काही कारण नाही. आमची पावडर म्हणजे हे दगड. ते आधीच जोडले गेलेल्या ॲक्रिलिकचे बारीक गोल दाणे असतात, त्यांची उष्णता कारखान्यातच सुटून गेलेली असते. तोंडात तापतं ते फक्त लिक्विड. शुद्ध द्रव घट्ट होताना आकारमानानं सुमारे २१ टक्के आकसतो. एक भाग द्रवाला तीन भाग पावडर घेतली की आकसणं सुमारे ७ टक्क्यांवर येतं. तापणंही त्याच प्रमाणात उतरतं. मी लिक्विड वाढवलं तेव्हा धरणातले दगड काढून तिथं सिमेंट ओतत होते. शिवाय न जोडलेलं लिक्विडही जास्त उरलं असणार. ते स्वतः हिरडीला झोंबतं, म्हणून आजींच्या पांढऱ्या पट्ट्यात आचेचा वाटा किती आणि द्रवाचा किती, हे मी वेगळं काढून सांगू शकत नाही.

उन्हाळ्याचा फास कसा बसतो तेही इथंच दिसतं. मे महिन्यात खोली तापलेली असते, म्हणून क्रिया लवकर सुरू होते आणि मिश्रण हातातच आवळतं. डॉक्टरला लिक्विड वाढवायचा मोह होतो, आणि वाढवलेलं लिक्विड पुन्हा उष्णता वाढवतं. उपाय साधा आहे. काचेची वाटी आणि लिक्विडची बाटली आधी गार करून ठेवायची आणि प्रमाण पावडरच्या डब्यावर लिहिलंय तेच ठेवायचं.

ही उष्णता जाते कुठं? दोन बाजू आहेत. एकीकडे जुन्या कवळीचं ॲक्रिलिक, दुसरीकडे हिरडी. ॲक्रिलिक उष्णतेचं वाहक म्हणून अगदी वाईट. कवळी लावणाऱ्यांना हे अनुभवानं ठाऊक आहे. टाळू झाकलेली असल्यामुळे चहा किती गरम आहे ते कळत नाही आणि घशाशी गेल्यावर पोळतं. म्हणजे बाहेरच्या बाजूची वाट जवळजवळ बंदच असते. ओली, रक्तानं भरलेली हिरडी उष्णता त्याहून दुपटीनं तरी सहज वाहून नेते, म्हणून उष्णता तिकडंच वळते. रक्तप्रवाह ती ओढून नेतो, हे आपलं नशीब. पण म्हातारपणी हिरडीची त्वचा पातळ होते, आणि कवळीच्या दाबाखाली रक्तप्रवाहही मोकळा नसतो.

या सगळ्यातलं मला सर्वांत अस्वस्थ करणारं गणित जाडीचं आहे. एक मिलिमीटर जाडीचं अस्तर फारसं तापत नाही, कारण त्यात द्रव थोडा असतो आणि निवायला पृष्ठभाग पुरेसा असतो. तीन-चार मिलिमीटरच्या थरात उष्णता साठते आणि थर जाड असल्यामुळे बाहेर पडायला वेळ लागतो. जाड थर कुठं पडतो? जिथं हाड सर्वांत जास्त झिजलं आहे तिथं. आणि जिथं हाड सर्वांत झिजलं तिथंच हिरडी सर्वांत पातळ, खाली हाडाची धारदार कड. ज्याला अस्तराची सर्वांत जास्त गरज, त्याच्याच वाट्याला सर्वांत जास्त आच, तीही सर्वांत कमी सोसवणाऱ्या जागी. माझ्या मते अशा तोंडाला खुर्चीत घट्ट होणारं मिथाइल मेथाक्रिलेटचं जाड अस्तर देऊच नये. त्यांना लॅबची वाट दाखवावी आणि त्या दोन दिवसांत त्याआधीची एखादी जुनी कवळी असेल तर ती आहे तशी वापरायची सोय होते का ते पाहावं.

किती उष्णता म्हणजे जास्त? अमेरिकेत मॉरिट्झ आणि हेन्रीक्स यांनी १९४७ मध्ये त्वचेवर केलेले प्रयोग आजही पाया मानले जातात. ४४ अंश सेल्सिअसला त्वचा पुरती भाजायला सुमारे सहा तास लागतात. त्यानंतर दर अंशाला लागणारा वेळ साधारण निम्मा होत जातो. ४९ अंशांना नऊ-दहा मिनिटं, ५५ला अर्धं मिनिट, ६०ला सुमारे पाच सेकंद. हाड याहून नाजूक आहे. स्वीडनच्या एरिक्सन आणि अल्ब्रेक्टसन यांनी १९८३ मध्ये सशांवर दाखवलं की ४७ अंश एक मिनिट टिकले तरी हाडाला इजा होते. हिरडी त्वचेसारखी तंतोतंत वागत नाही, आणि कवळी थेट हाडाला टेकत नाही. तरी या आकड्यांतून एक गोष्ट निःसंशय दिसते. इथं अंश आणि मिनिटं दोन्ही मोजावी लागतात. आपण साठ अंशांचा चहा पितो, कारण घोट तोंडात क्षणभर फिरतो आणि जातो. अस्तर एका जागी चिकटून बसतं, आणि ते काढणं डॉक्टरच्या हातात असतं.

हाच पदार्थ तुमच्यापैकी काहींच्या खुब्यात किंवा गुडघ्यात असेल. इंग्लंडमध्ये जॉन चार्नली यांनी १९५०च्या दशकाच्या अखेरीस कृत्रिम खुबा हाडात पक्का बसवायला जे सिमेंट वापरलं, ते मुळात आमच्या दंतवैद्यकातलंच आपोआप घट्ट होणारं ॲक्रिलिक. मँचेस्टरच्या दंत रुग्णालयातले साहित्यतज्ज्ञ डेनिस स्मिथ यांच्या सल्ल्यानं त्यांनी ते निवडलं. मिरजेत आज सांधे बदलणारे सर्जन ते कालवतात तेव्हा त्यांनाही हाच प्रश्न पडतो: किती जाड, किती गरम, किती वेळ. त्यांचा पेशंट भूल दिलेला असतो, त्याला सांगता येत नाही, आणि ते त्यांना ठाऊक असतं. आमचा पेशंट जागा असतो, म्हणून तो सांगेल असं आम्ही गृहीत धरतो.

साहित्य आता पुष्कळ सुधारलं आहे. खुर्चीत वापरायच्या अनेक अस्तरांत मिथाइलऐवजी ब्युटाइल मेथाक्रिलेटच्या जातीचा द्रव असतो. प्रत्येक जोडणीला उष्णता साधारण तेवढीच सुटते, पण त्याचा रेणू जड असल्यामुळे ग्रॅममागे जोडण्या कमी होतात आणि उष्णता सुमारे पाऊणच भरते. काही अस्तरं तोंडात फक्त आकार घेतात आणि बाहेर प्रकाशाच्या पेटीत पक्की होतात. हिरडी सुजली असेल तर जे मऊ, तात्पुरतं अस्तर लावतात त्यात तर जोडणीची क्रियाच नसते. पावडर मऊ करणाऱ्या द्रवात फुगते आणि जेलीसारखी होते, एवढंच. ते तापत नाही. त्यात अल्कोहोल असतं, म्हणून सुरुवातीला झोंबतं, ते वेगळं. जुन्या पद्धतीचं स्वस्त कोल्ड क्युअर, म्हणजे आपोआप घट्ट होणारं मिथाइल मेथाक्रिलेटचं अस्तर, अजून सगळीकडे मिळतं, आणि खेड्यातल्या पेशंटचा खिसा पाहून डॉक्टर ते वापरतो. त्याला मी दोष देत नाही. ते वापरायचं तर नियम पाळूनच, इतकंच माझं म्हणणं आहे.

नियम असे. मिश्रण रबरासारखं झालं, आकार धरू लागलं, की पूर्ण घट्ट व्हायची वाट न पाहता कवळी बाहेर काढायची. उसळी यायच्या आधी हे घडलं पाहिजे. पेशंटनं गार पाण्यानं गुळणी करायची. राहिलेली उष्णता कोमट पाण्याच्या भांड्यात सुटू द्यायची, हिरडीवर नाही. ज्यांचे काही दात शिल्लक आहेत त्यांच्या बाबतीत याला आणखी एक कारण आहे. पक्कं झालेलं ॲक्रिलिक दातांच्या खाचांत अडकलं तर कवळी निघतच नाही, आणि ती तापत असताना अडकणं याहून वाईट काही नाही. वर्ग घेते तेव्हा विद्यार्थ्यांना मी सांगते, अस्तर भरलेली कवळी पहिल्यांदा स्वतःच्या तळहातावर ठेवून बघा, कोणत्या मिनिटाला हात मागे घ्यावासा वाटतो ते. आज आपल्याकडे सांगलीत वसंतदादा पाटील आणि भारती विद्यापीठ, कराडला कृष्णा अशी दंतमहाविद्यालयं आहेत, म्हणजे या दोन जिल्ह्यांत दर वर्षी नवे हात तयार होत आहेत.

आणि तुम्हा मंडळींसाठी. रिलाइन तोंडात होणार की लॅबमध्ये, हे आधी विचारा. तोंडात होणार असेल तर तोंड मिटायच्या आधी डॉक्टरांशी खूण ठरवून घ्या: हात वर केला की कवळी बाहेर. ऊब लागणं स्वाभाविक आहे, पोळणं नाही. मधुमेह असेल, मिशरीची सवय असेल, तोंडात जखम असेल, तर ते सांगा. घरी झटपट चिकटणारा डिंक लावून कवळी सांधू नका. तोही घट्ट होताना तापतो आणि कवळीचा मूळ बसाव कायमचा बिघडवतो.

सरांची कवळी मी लॅबमध्येच करून घेतली. दोन दिवस ते घराबाहेर पडले नाहीत आणि कोणाला भेटलेही नाहीत, असं त्यांच्या सूनबाईंनी मला नंतर सांगितलं. तिसऱ्या दिवशी ते आले, आरशात न पाहता खुर्चीत बसूनच मला पाणिनीबद्दल काहीतरी सांगू लागले, आणि ते वाक्य बरंच लांब होतं.

आजी आठ दिवसांनी पुन्हा आल्या. पट्टा गेला होता, हिरडी गुलाबी होती. मी त्यांची माफी मागितली आणि विचारलं, एवढं पोळत होतं तर हात का नाही हलवलात, ओरडला का नाहीत? त्यांनी माझ्याकडं नवलानं पाहिलं. म्हणाल्या, "तुमीच म्हनला न्हवं, त्वांड उघडायचं न्हाय."